बारशाचं काजळ

भावाच्या मुलीचं बारसं होतं, कळंब्याला, आमच्या माहेरी. नव्वदच्या दशकाचा शेवट... माझं लग्न होऊन जेमतेम सहा महिने झालेले आणि आत्या झाल्याचा तोरा तर काही विचारूच नका.

आमच्या घरात बारशाला आत्यानं स्वतः धरलेलं काजळ न्यायची पद्धत. मी एरंडेलाचा दिवा लावला, ताटलीवर काजळी धरली, तुपात खलली आणि डोळ्यांना गार वाटावं म्हणून कापूर घातला. चिमूटभर पुरला असता... पण माझं काजळ सगळ्यांत भारी व्हायला हवं होतं, म्हणून हात सैल सोडला.

वहिनी शिरोळच्या. त्यांना आई नव्हती, त्यामुळे बाळंतपण सासरीच झालेलं. काजळाची डबी बघून त्या हळूच म्हणाल्या, "वन्सं, डॉक्टरांनी डोळ्यांत काय घालू नका म्हणून सांगितलंय. कपाळाला तीट लावूया की."

मला ते फार लागलं. "आमी समदी काजळ घालूनच मोठी झालो, आमचं डोळं काय फुटलं न्हाईत," असं फणकाऱ्यानं म्हणत मी आतल्या खोलीत पोरीला मांडीवर घेतलं आणि दोन्ही डोळ्यांत बोट फिरवलं. पोरगी किंचाळली... आई बाहेर पाहुण्यांना वाढत होती, तिला यातलं काहीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या पापण्या टम्म सुजलेल्या. झोपून उठल्यावर तान्ह्या बाळाचे डोळे जरा फुगलेले असतातच, म्हणून आईनं आधी मनावर घेतलं नाही. दुपारपर्यंत मात्र डोळे उघडेनातच, कडेनं पिवळट चिकट यायला लागलं.

पोरीला घेऊन आई, वहिनी आणि मी रिक्षा करून गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. रस्ताभर मी देवाला एकच सांगत होते, हिची नजर जाऊ देऊ नको. डॉक्टरांनी ओल्या कापसानं डोळे पुसले तसा कापूस काळा झाला. त्यांनी वर न बघताच विचारलं, "काजळ कुणी घातलं?"

मी पोरीचं दुपटं सारखं करायला लागले... आणि वहिनी म्हणाल्या, "मी."

मग डॉक्टर त्यांना जे जे बोलले, ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. थेंब दिले, तीन दिवसांत सूज उतरली, नजरेला काही झालं नाही. देवाची कृपा.

आई मात्र परतीच्या रिक्षातच सुरू झाली. "माझ्या लेकीनं एवढं चांगलं काजळ आणलं, हिला हात धुऊन घालायचं बी कळंना व्हय?" मी रस्त्याकडे बघत बसले. घरी आल्यावर वहिनींना एकटं गाठून विचारलं, का असं केलंत? त्या म्हणाल्या, "तुमी उद्या सासरला जाणार. माहेरातनं रडत कशाला जायाचं? आई चार दिवस बोलतील आणि विसरतील."

आई विसरली नाही. दोन वर्षांनी धाकट्या भावाला मुलगा झाला. त्याच्या बारशाला वहिनींनी बाळ घ्यायला हात पुढं केले आणि आई सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्याजवळ देऊ नगा, पोराचं डोळं घालवंल." वहिनींनी हात मागं घेतले आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी तिथंच होते, घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन...

तेव्हा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? आई माझ्यावर चिडली असती, एवढंच. पण पुढच्या दिवाळीला सांगू, पुढच्या जत्रेला सांगू, असं करत वर्षं गेली... आणि मागच्या वर्षी आई गेली. शेवटची तीन वर्षं ती अंथरुणावर होती आणि तिचं सगळं वहिनींनीच केलं.

माझं सगळं माहेर इथं फेसबुकवर आहे, म्हणून इथंच लिहितेय. काजळ मी घातलं होतं. वहिनी नको म्हणत होत्या, तरी घातलं.

पोस्ट करण्याआधी आज सकाळी वहिनींना फोनवर हे वाचून दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आई असताना सांगायचं होतं की वो."