स्टँडवरचा शेवटचा बाक

हां, तर सूनबाईने इस्त्री उभी करून ठेवली, "जरा जाऊन येते" म्हणाली आणि मागच्या दाराने पुन्हा गेली. काल इथवर आलो होतो आपण. पुन्हा म्हणायचं कारण, असं आधीही झालं होतं.

सूनबाई म्हणजे माझ्या पुतण्याची बायको. कोपऱ्यावर दोघांचं इस्त्रीचं दुकान. ती इस्त्री फिरवायची, तो घड्या घालून सायकलवरून घरोघर पोचवायचा. कॉलर आधी आतून, मग बाहेरून, आणि बटणांच्या मधून इस्त्रीचं टोक असं काढायची की बघत राहावं. एकदाच हात चुकला. सकाळी नवराबायकोत चार शब्द झाले होते, ती आतल्या आत धुमसत होती, आणि कुणाच्या तरी पांढऱ्या कोटावर इस्त्री टेकून राहिली. पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला. त्यानंतरच तिचं हे बाहेर जाणं सुरू झालं, पण हे दोन धागे जोडायची अक्कल आम्हा काका-पुतण्याला नव्हती.

पुतण्या जातीचाच संशयी. गल्लीत त्याला शंकासुर म्हणत. दुधात पाणी आहे का, हे तो पाण्यालाही विचारील. कुठे गेली होतीस म्हटलं की ती म्हणायची, इथेच. पिशवी नेली तशी रिकामी आणायची, डोळे लाल, आणि आल्यावर गुणगुणत कामाला लागायची. त्याला लाल डोळ्यांचं एवढं काही वाटलं नाही, गुणगुणण्याने मात्र झोप उडाली.

"काका, भांडून गेलेली बाई गाणं म्हणत परत येते. कुणी तरी असल्याशिवाय?"

मलाही वाटलं, खरंच की. त्याने तर ठरवूनच टाकलं होतं: काही निघालं तर तिला माहेरी धाडायचं आणि दुकानाला कुलूप. मी म्हटलं, आधी बघू तरी. असल्या कामाची मला गोडी भारी.

त्या दिवशी निघालो तिच्या मागे. पोचवायचा एक कोट हँगरसकट त्याच्या हातात होता. ती गेली थेट बस स्टँडवर. आम्ही खांबाआड, आणि खांबाबाहेर उरलेलं माझं पोट कोटाआड. ती शेवटच्या बाकावर बसली. तिकिटाच्या खिडकीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. लांबच्या गावची गाडी सुरू झाली तशी उठली, डोळ्यांना पदर लावला आणि मोकळेपणाने रडत, गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिली. काचांवर ही धूळ, आत कोण ते दिसेना. बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "येतील हो परत."

शंकासुराने माझं मनगट असं आवळलं की बांगडी असती तर फुटली असती. "येतील म्हणाल्या, काका. ऐकलंत?"

मी थांब म्हणेपर्यंत तो तिच्यासमोर जाऊन उभा. कोट मुठीत चुरगळलेला. कसंबसं म्हणाला, "कोण होता गाडीत?"

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खांबाकडे, म्हणजे माझ्याकडे. त्याच्या मुठीतून कोट सोडवून घेतला, झटकला, हँगरवर नीट बसवला. मग म्हणाली,

"कुणी नव्हतं हो. दर वेळी दिसेल त्या गाडीला हात करते. घरी रडले तर तुम्ही म्हणता माझं काय चुकलं, दुकानात रडले तर गिऱ्हाईक विचारतं, आणि दाबून ठेवलं तर कुणाचा तरी कोट जळतो. इथे रडणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. माझं मन माझं मलाच सांभाळायला हवं ना, ते मी इथे सांभाळते आणि घरी येते. पुढच्या वेळी तुमचं मन बिघडलं तर तुम्हीही या, बाक लांब आहे. आणि काका, खांबामागून बाहेर या, हा कोट पुन्हा इस्त्री करावा लागणार."