मिसेस थर्गरच्या दिवाणखान्यातला चहा

‘मंगळवार, ९ मार्च १७६२, नॉर्विच. वारा पूर्वेचा, बोचरा. दिवाणखान्यात सकाळपासून शेकोटी. दुपारी मिसेस रॅकहम येणार. लेटिसचं आज कळेल.’

एवढं लिहून हेस्टर थर्गर उठली, खिडकीशी गेली, पडदा सारखा केला आणि परत येऊन तोच पडदा पुन्हा विस्कटला.

तिचा नवरा एबल चरबीच्या मेणबत्त्या करायचा. उमेदीची सगळी वर्षं तिनं दुकानावरच्या माडीत काढली होती, कामगारांबरोबर एकाच टेबलाशी जेवून. गेल्या वर्षी विटांचं नवं घर झालं. दुकान मागच्या गल्लीत राहिलं, पण चरबीचा वास एबलच्या कोटाबरोबर रोज घरी यायचा. म्हणून आज त्याला तिकडेच थांबायला सांगितलं होतं.

“पोरगी माझी आणि हद्दपारही मीच,” असं म्हणत तो हसत गेला होता.

मिसेस रॅकहम वकिलाची बायको. तिच्या मुलाला, एडमंडला, हेस्टरची लेक लेटिस आवडली होती. आईला आधी घर बघायचं होतं. बड्या घरात कसं वागतात, हे हेस्टरला शिकवणार कोण? भाड्यानं आणलेल्या कादंबऱ्यांतून ती शिकली. त्यातल्या बायका घंटा वाजवत आणि सगळं समोर येई. म्हणून मिसेस रॅकहम येऊन बसताच हेस्टरनंही घंटा वाजवली, आणि नॅन मोलकरणीनं स्वयंपाकघरातून तयार चहा आणून ठेवला.

मिसेस रॅकहमनं चहादाणीकडे पाहिलं, मग हेस्टरच्या मांडीवरच्या रिकाम्या हातांकडे. खानदानी घरात चहाचा डबा कुलपात असतो, किल्ली मालकिणीजवळ, आणि पाहुण्यांसमोर चहा तीच करते. कादंबऱ्यांत हे नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, त्यांना ते लिहावंसं वाटलं नव्हतं.

“तुमच्याकडे चहा मोलकरीण करते वाटतं? मजा आहे बाई तुमची. आमच्याकडे मलाच राबावं लागतं.”

हेस्टरच्या कानशिलांना आग लागली.

“आई, किल्ली दे,” शेजारी बसलेली लेटिस शांतपणे म्हणाली. “हा निवलाय. मी दुसरा करते.”

हेस्टरनं चहाच्या डब्याची किल्ली काढून दिली. लेटिस हे कुठे शिकली, कोण जाणे. तिनं पानं मोजकी घेतली, पाणी ओतलं, एक थेंब सांडला नाही. मिसेस रॅकहमनं दुसरा कपही घेतला. निघताना लेटिसचा हात हातात धरून म्हणाली, “गुरुवारी हिला आमच्याकडे पाठवा, गाडी धाडते. तुम्ही कशाला दगदग करताय, मिसेस थर्गर?”

म्हणजे लेटिसचं जमलं होतं. एबलनं बातमी ऐकून लेकीला मिठी मारली. हेस्टरनं मात्र कादंबरीचा शेवटचा खंड काढला. पाववाल्याची मुलगी जहागीरदाराच्या घरी सून म्हणून गेली, तिथं हेस्टरचं बोट थांबलं. लग्नानंतर त्या मुलीची आई कुठे गेली? तिनं पानं मागे उलटली, पुढे उलटली. आईनं आशीर्वाद दिला होता, एका ओळीत. पुढे तिचं नावच नव्हतं.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. मग रोजनिशी ओढून लिहिलं:

‘लेटिस गुरुवारी एकटीच रॅकहमांकडे जाणार. उरलेलं मटण उद्या थंडच वाढायचं.’