आयकलंस ना?

आमच्या व्याह्यांइतके तीक्ष्ण कान अख्ख्या पनवेल तालुक्यात दुसऱ्या कोणाचे नाहीत. त्यांच्या घरचे म्हणतात, कान गेले. गेलेले नाहीत, आणि हे मीच सांगायला हवं.

व्याही मूळचे रोडपालीचे. त्यांचा कागदावर विश्वास नाही, माणसाच्या तोंडावर आहे. फक्त ते तोंड उघडताना जवळ तिसरं माणूस हवं. मेथीची जुडी घेतली तरी शेजारच्या अनोळखी बाईला विचारणार, "बाय, आयकलंस ना? वीसला बोलली." रिक्षाचं भाडं ठरलं की मागच्या रिक्षावाल्याला साक्षीला धरणार. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही गेलो, तेव्हा "हुंडा नको, मानपान नको" हेसुद्धा त्यांनी दारावर आलेल्या मासळीवालीला आत बोलावून तिच्यासमोर सांगितलं. ती टोपली डोक्यावर तशीच घेऊन उभी. "आता मी फिरलो तर ही गावभर सांगंल," म्हणाले. माझ्या बायकोनं स्थळ तिथंच पसंत केलं.

मग त्यांनी गाडी घ्यायची ठरवली आणि साक्षीला मला नेलं. मी शिकलेला, शिवाय कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत ग्राहकाच्या हक्कांवर कोणी न विचारता बोलणारा. पावतीवर फक्त बुकिंगची रक्कम होती, पण सेल्समन माझ्यादेखत म्हणाला, "काका, डिलिव्हरीलाही हीच किंमत. फायनल." डिलिव्हरीच्या दिवशी गाडी हार घालून उभी, आणि मॅनेजर म्हणतो, किंमत चाळीस हजारांनी वाढली. व्याही नुसते हसले. "माझा साक्षीदार हाय. सांगा, व्याही." मॅनेजर माझ्याकडे वळून अदबीनं म्हणाला, "सर, तुम्हीच सांगा, आमचा माणूस असं बोलेल का?" चारचौघांत वाद नको, उद्या कोर्टाच्या तारखा नकोत, म्हणून मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

व्याही माझ्याकडे बघत राहिले. मग मॅनेजरला म्हणाले, "मंग माझ्याच कानात बिगाड आसंल," आणि पैसे भरले.

जावयानं बिचाऱ्यानं लगोलग कानाचं यंत्र आणलं. व्याह्यांनी ते मुकाट्यानं घातलं. "बाबा, पप्पांच्या यंत्राची बॅटरी संपतच नाही," मुलगी मला कौतुकानं सांगते. संपेल कशी? ते चालूच करत नाहीत. बाजारात आता सांगतील तो भाव देतात, कोणाला काही विचारत नाहीत.

परवा भाजीवालीपाशी गाठ पडली. मी म्हणालो, "व्याही, तो फायनल म्हणाला होता. मी ऐकलं होतं. ग्राहक आयोगात तक्रार करू, मुदत अजून आहे. साक्ष मी देतो."

त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवलं. मेथीची एक जुडी उचलली. मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात भाजीवालीला म्हणाले, "बाय, आयकलंस ना?"