टेकडीवरचा तेरडा

गेल्या वर्षी गौर आणताना मी वाटेत बोलले, आणि पुढच्याच महिन्यात माझ्या लेकीच्या पोटातलं बाळ गेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, मला ते समजलंही होतं. पण मन कुठलं ऐकतंय! आमच्याकडे गौर म्हणजे रानातला तेरडा. सवाष्णीने तो मुळासकट उपटायचा, पदराखाली धरायचा आणि घरी येईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. यंदा लेकीला पुन्हा दिवस गेले होते आणि ती माझ्याकडेच राहायला आली होती. मला चुकायला जागाच ठेवायची नव्हती. मंडईतल्या जुड्यांना धड मुळं नसतात, म्हणून मी वारज्याच्या टेकडीवर गेले.

वर झाडांच्या दाट सावलीत तेरडा फुलला होता. जेमतेम गुडघ्याएवढा, गुलाबी, मोठ्या झाडांच्या पायाशी त्यांच्या पानांवरून गळणाऱ्या पाण्यावर वाढलेला. उन्हात नेला की लगेच मान टाकतो. तिथे मात्र कसा टवटवीत होता. मुळं इतकी वरवर, की हलकेच ओढलं तरी मातीसकट हातात येतात. मी नमस्कार करून रोपं काढली आणि निघाले.

उतरताना वाटेत एक बाई बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, साडी चिखलाने भरलेली, चप्पल तुटलेली. म्हणाल्या, "अहो, घसरले मी. जरा हात देता का?" त्यांचं कपाळ मोकळं, गळा मोकळा. खरं सांगते, माझ्या मनात आलं, नेमकी आजच हिची गाठ पडायची होती! बोलायचं नाही ना, अशी स्वतःची समजूत घालून मी मान खाली घातली आणि पुढे गेले. हात द्यायला बोलावं कुठे लागतं? पण मी दिला नाही.

पुढच्या उतारावर मीच आपटले. पाय मुरगळला, तेरडा चिखलात विखुरला. मला रडू फुटलं ते पायाचं नव्हतं. आई, माझं काय करायचं ते कर, पण तिचं बाळ ठेव, एवढंच मनात येत होतं.

मागून त्याच बाई आल्या, झाडांना धरत, अनवाणी. आधी त्यांनी एकेक रोप उचललं, मुळांची माती न झाडता पदरात घेतलं. मग मला हात दिला.

"आता तरी बोलाल? की घर कुठे ते खुणेनेच सांगणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं," एवढंच मी कसंबसं बोलले. त्यांच्याच खांद्याचा आधार घेत घरी पोचले.

दारात लेक दूध-पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. बाई उंबऱ्याबाहेर थांबल्या आणि तेरडा माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "घ्या. मी आत आणत नाही. मला कळतं." त्या ते इतक्या सहज म्हणाल्या, की मला मान वर करवेना.

"तुम्हीच आणा," मी म्हटलं. "चिखलातून तिला तुम्ही उचललीत."

पोटामुळे लेकीला वाकता येत नव्हतं. तिने उभ्यानेच त्यांच्या चिखलाच्या पायांवर धार धरली. बाईंचे डोळे भरून आले. पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता, म्हणून मी माझ्या पदराने पुसले.

पुढे बाळ सुखरूप झालं. ते कशामुळे, हे मी ठरवू पाहत नाही. रोज हात जोडते. गौर कशी आणायची याचा मी केवढा बंदोबस्त केला होता! कुणाच्या हातून यायचं, ते तिचं तिने ठरवलं. आणि तोच हात मी वाटेत टाकून आले होते.