अर्ध्यावरची पुस्तकं

“सरी, मुंदे?” असं म्हणून अक्का मांडीवरच्या पुस्तकावर पालथा तळहात ठेवत आणि समोरच्याच्या तोंडाकडे पाहत राहत. सरी म्हणजे बरं, मुंदे म्हणजे पुढे. कित्येक पिढ्या बंगळूरात राहिलेल्या त्यांच्या मराठी घराच्या बोलण्यात कानडी शब्द मिठासारखे विरघळून गेले होते. तळहाताखाली पुस्तक बरोबर मध्यावर उघडं असे. तुमच्याही ओळखीत पुस्तक अर्ध्यात सोडणारी माणसं असतील. ती कंटाळून सोडतात. अक्का मात्र ऐन रंगात आलेलं पुस्तक थांबवत, आणि पुढचं सांगणाऱ्याची वाट पाहत.

जे. पी. नगरातला आमचा वाचनकट्टा म्हणजे नोकरीच्या निमित्ताने पुण्या-मुंबईहून आलेल्या काही घरांचा. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमायचं, सध्या काय वाचतो आहोत ते सांगायचं, आवडलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हाती द्यायचं. अक्का आमच्याच गल्लीच्या टोकाला राहत. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा केसांत अबोलीचा गजरा होता आणि हातात कडबोळ्यांचा डबा. सोफा टाळून त्या सरळ सतरंजीवर बसल्या आणि त्यांनी एका कादंबरीची सुरुवात सांगितली. कशी सांगितली म्हणून विचाराल, तर विहिरीच्या काठावरचं ओलं शेवाळ आम्हाला तळव्यांना जाणवलं. कादंबरीतली सून सासरच्या उंबऱ्याशी येऊन थांबली, आणि अक्काही थांबल्या.

“इथवर माझं. आता पुढचं कोण सांगतं?”

कट्ट्यावरच्या बऱ्याच जणांनी ती कादंबरी वाचलेली होती. पण आमचा एक नियम होता: शेवट सांगायचा नाही. दुसऱ्याच्या वाचनानंदावर घाला घालू नये, एवढी सभ्यता आम्ही कसोशीने पाळत होतो.

“छे हं अक्का, शेवट सांगून तुमची मजा नाही घालवणार,” कट्ट्याची सूत्रं सांभाळणारे निवृत्त इंजिनिअर काका म्हणाले.

“अय्यो, मजा तर सांगण्यातच आहे की!”

“स्पॉयलर म्हणतात त्याला, अक्का. पाप असतं ते,” कट्ट्यावरच्या एका तरुणीने चिडवलं.

“सरी. तर मग करा की स्वल्प पाप.”

सगळे खळखळून हसले. शेवट मात्र कुणी सांगितला नाही.

पुढे एका सकाळी त्यांच्या ओट्यावर कॉफी पिताना मी विचारलं, “अक्का, तुम्ही अर्ध्यावरच का थांबता?” समोर करंजाच्या झाडाखाली फुलांचा फिकट सडा पडला होता. वाफाळलेला पेला पदराच्या टोकाने धरून त्या सांगू लागल्या. त्यांच्या लहानपणी मराठी पुस्तक घरी येई ते बेळगावच्या मामांच्या पिशवीतून, आणि मामांबरोबरच परत जाई. दिवस थोडे, पुस्तक एक, बहिणी दोन. मग दोघी पुस्तकाची शिवण हलकेच उसवत. पहिला भाग अक्कांचा, दुसरा थोरलीचा. गच्चीवर पापड राखता राखता दोघी वाचत.

“तिला ती माणसं कोण ते ठाऊक नसे, आणि मला त्यांचं काय झालं ते. मग संध्याकाळी मी तिला आधीचं सांगायची, ती मला नंतरचं. वर मामा ओरडायच्या आत शिवून ठेवायचं ते वेगळंच.”

लग्नानंतर थोरली तीन गल्ल्या पलीकडे राहायला आली आणि हा रिवाज तसाच चालू राहिला. आयुष्यभर अक्कांनी एकाही गोष्टीचा शेवट वाचला नव्हता. तो बहिणीच्या आवाजात ऐकला होता. थोरली गेली, त्यानंतरच्या महिन्यात अक्का आमच्या कट्ट्यावर आल्या होत्या.

“पण आता स्वतःच वाचायचं की पुढचं,” मी म्हणाले.

“सगळं मीच वाचलं, तर माझ्याकडे कोण येणार ग?”

त्या सकाळी मी त्यांना त्या सुनेची उरलेली कथा सांगितली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, “धावू नको. मधलं गाळतेस. माझी बहीण असती तर एवढ्यात दोनदा रडली असती.” मला वाटतं, तो त्यांचा आमच्यातला सर्वांत सुखाचा दिवस असावा. तसे आणखी काही आले. पण मी वाचलेली पुस्तकं ती किती, आणि त्यांच्या अर्ध्यावर थांबलेल्या गोष्टी किती!

मग कट्टा फोनवर गेला. रविवारी जमणं थांबलं. मुखपृष्ठांची छायाचित्रं येऊ लागली, खाली दोन नेटक्या ओळी, आणि ‘शेवट सांगत नाही, स्वतःच वाचा’. अक्कांचे गुडघे गेले होते. मुलाने त्यांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला, उंच इमारतीतल्या आपल्या घरी नेलं. तिथून एकदा फोनवरच्या कट्ट्यावर त्यांचा आवाज आला. मागे लिफ्टची घंटा, वारा, आणि त्यातून तो खर्जातला गोडवा: “बाहेर कोणीतरी दार वाजवतंय, आणि ती मुलगी आत उभी आहे. मी इथवर आले. ती दार उघडते का? सांगा की कुणीतरी.” पुस्तकाचं नावही त्यांनी सांगितलं होतं. उत्तरादाखल हसरे चेहरे आले, जोडलेले हात आले. कुणी लिहिलं, ‘वाचत राहा, अक्का!’ ते पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. मिळवते आणि सांगायला येते, असं मी त्यांना कळवलं. ते कुठे मिळेना. सगळे मिळून त्यांना भेटायला जायचं ठरत राहिलं आणि प्रत्येक वेळी रहदारीचं कारण निघत राहिलं.

अक्का गेल्याचं त्यांच्या मुलाने कळवलं. काही दिवसांनी त्याने मला बोलावून घेतलं. “अम्माची पुस्तकं तुम्ही घेऊन जा. आम्हाला मराठी बोलायला येतं, वाचायला येत नाही.” सामान्यतः पुस्तक जुनं होतं ते सगळंच. थोरली गेल्यानंतरची ही पुस्तकं तशी नव्हती. मिटलेल्या पुस्तकाची कड पाहिली, की अर्धी बोटांच्या तेलाने आणि हळदीने काळवंडलेली, अर्धी कोरी. कोऱ्या पानांना अजून छापखान्याच्या शाईचा वास होता.

त्यांत ते पुस्तक सापडलं. परतीच्या मेट्रोत मी उभ्यानेच ते मध्यापासून वाचायला घेतलं, आणि घरी पोचेपर्यंत संपवलं.

ती दार उघडते. फार वेळ घुटमळून, कडी काढून उघडते. पायरीवर ओल्या चपलांचे ठसे असतात, फाटकाकडे परत गेलेले.