ओट्याची उंची

गवंड्यांमध्ये त्याला सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं लोखंडी वजन. भिंत सरळ उभी आहे की कलली आहे, ते त्यावरून कळतं. हा माणूसही तसाच होता. समोरचं काम वाकडं दिसलं की गप्प बसायचा नाही, मग ते कुणाचंही असो. जन्मभर त्याने लोकांची घरं बांधली आणि स्वतः भाड्याच्या खोल्यांत राहिला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा काम सोडलं, आणि मग त्याने आणि बायकोने एक जुनं घर विकत घेतलं. पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक अरुंद बोळ.

भिंती जागोजागी फुगल्या होत्या. लेक घर बघायला आली आणि म्हणाली, बाबा, वरून छान रंग मारून घेऊ, चार दिवसांचं काम. त्याने बोट वाकवून भिंतीवर टकटक केली. आतून पोकळ आवाज आला. त्याने लेकीकडे असं पाहिलं की तिने लगेच पडद्यांचा विषय काढला. पोकळ गिलाव्यावर रंग चढवणं म्हणजे मळक्या अंगावर इस्त्रीचा सदरा घालणं, असं त्याचं मत होतं.

त्याने मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. दुसऱ्यांच्या कामात कधी मालकाला घाई असायची, कधी मुकादमाला. मनासारखं काम एकदाही हातून झालं नव्हतं. हे एक घर तरी असं करायचं की बोट ठेवायला जागा मिळू नये. यानंतर गुडघे दुसरं काम करू देणार नाहीत, हे त्याला डॉक्टरने सांगायची गरज नव्हती.

मग काय, छिन्नी-हातोडी निघाली. बसायच्या खोलीचा गिलावा विटांपर्यंत उतरवला. भिंती धुतल्या, नवा गिलावा केला, त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. सुकायला लागेल तेवढा वेळ दिला. रंगाला त्याचा जुना दोस्त आला. तो पिवळ्या, कारण गिऱ्हाइकाने कुठलाही रंग सांगितला तरी हा त्यात थोडा पिवळा मिसळायचाच. इथे मात्र ओळंबा बादलीजवळ पहारा देत बसला. पिवळ्या म्हणाला, इतका पहारा सासऱ्यानेसुद्धा ठेवला नव्हता. खोली फिकट निळी झाली. बायकोने निवडलेला तेवढाच एक रंग. ती दारात उभी राहून बराच वेळ बघत होती.

स्वयंपाकघर म्हणजे तर त्याच्या कारागिरीचा कळस. ओट्याला काळ्या दगडाची अखंड लादी. ओट्याच्या वर, भिंतीला पांढऱ्या टाइल्स. त्या त्याने आधी जमिनीवर मांडून पाहिल्या, सांधे धरून मोजल्या आणि अशा बसवल्या की ओट्यापासून खिडकीच्या चौकटीपर्यंत सगळ्या ओळी पुऱ्या आल्या. कुठेही तुकडा लावावा लागला नाही. तळाला तुकडा दिसला की गवंडी झोपेत होता असं समजावं, हे त्याने कितीतरी पोरांना ओरडून शिकवलं होतं.

एकच गोष्ट त्याला खुपत होती. बायकोने जुन्या खोलीतून एक लाकडी पाट आणला होता. कडा झिजलेल्या, मध्ये डाग, एक पाय ठिगळ लावलेला. त्या चकचकीत स्वयंपाकघरात तो पाट डोळ्यांत कुसळ गेल्यासारखा सलायचा. ओळंब्याने तो उचलून मागच्या दारी भंगारात टाकला. दुसऱ्या दिवशी पाट पुन्हा ओट्याखाली. पुन्हा टाकला, पुन्हा आला. त्याने विचारलं की या लाकडाच्या तुकड्यात तुझा जीव का अडकलाय. ती म्हणाली, असू दे, लागतो. बायकांना जुनं टाकवत नाही, असं पुटपुटून त्याने तो विषय सोडला.

एका सकाळी मागून भांडं पडल्याचा आवाज आला. तो बोळातून आत गेला. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती, पाटावर. नव्या गुळगुळीत फरशीवर पाट सरकला होता. तिचा एक पाय खाली, एक वर, हात लादीला घट्ट धरलेले. पिठाचं भांडं खाली उपडं झालं होतं. तिला लागलं नव्हतं. तो फरशीचा टवका उडाला का ते बघायला वाकला, आणि वाकता वाकताच म्हणाला, त्या पाटावरून उतर आणि नीट खाली उभी राहून काम कर.

ती उतरली. खाली उभी राहिली आणि उरलेलं पीठ मळायला घेतलं. तो वाकलेलाच राहिला. तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले होते. कोपर अंगापासून बाहेर फेकलेले. जोर लावायला ती टाचा उचलत होती. ओझं चुकीचं उचलणारा माणूस त्याला लांबून ओळखू यायचा. हे तर घरातच होतं.

तो सावकाश उठला.

"जुन्या खोलीतही पाटावरच उभी राहायचीस?"

"सगळ्याच खोल्यांत. तुम्ही कामावर गेल्यावर स्वयंपाक व्हायचा, तुम्हाला कसं दिसणार?"

"कधी बोलली नाहीस."

"भाड्याचा ओटा. बोलून कोण उतरवणार होतं?"

"आणि इथे?"

तिने हात थांबवला नाही. "इथे तुम्ही पट्ट्याचं बकल लावून माप घेतलंत आणि झालं म्हणालात. मी तिथेच उभी होते."

ते खरं होतं. ओट्याची उंची तो स्वतःच्या कमरेच्या बकलाला लावून धरायचा. उस्तादाने तसंच शिकवलं होतं आणि कधी कुणाची तक्रार आली नाही. येणार कशी? गवंड्याशी बोलायला घरमालक यायचा. ओट्याशी उभी राहणारी बाई तेव्हा आत असायची.

त्या दिवशी तो पुढच्या खोलीत बसून राहिला. ओटा एका विटेने उतरवायचा तर लादी सोडवावी लागणार होती, तिला तडा जाऊ शकत होता. आणि ती खाली आली की टाइल्सच्या तळाला फट पडणार. तिथे तुकडे. त्याच्याच घरात. बायकोने सांगून टाकलं की सवय आहे, काही फोडू नका, पाटाखाली रबर लावून द्या म्हणजे झालं. संध्याकाळपर्यंत त्याने दोनदा रबराचा विचार केला. मग तो उठला, कानामागची पेन्सिल काढली आणि स्वयंपाकघरात गेला.

"सरळ उभी राहा. हात मळल्यासारखे धर. कोपर अंगाजवळ."

"अहो, नको."

"हलू नकोस. रेघ हलेल."

तिच्या मुठीखाली, लादीच्या खालच्या विटेवर त्याने रेघ मारली.

सकाळी पिवळ्या आला, लेकही आली. नळ आणि शेगडी सुटी केली. ओळंब्याने लादीचा भिंतीकडचा सांधा छिन्नीने थोडा थोडा कोरला. जोर नाही, घाई नाही. घाम मात्र नाकावरून टपकत होता. मध्येच पिवळ्याने विचारलं की इतकं सुबक काम फोडताना हात कसा चालतो. तो म्हणाला, हात चालतोय, तू धर. तिघांनी लादी उचलून पोत्यांवर ठेवली. अख्खी राहिली. वरचा विटांचा एक थर काढला, सिमेंटचा माल पसरला, लादी परत बसवली, नळाकडे बेताचा उतार दिला. मग तळाची फट. तुकडे त्याने स्वतः कापले आणि एकाच मापाचे निघेपर्यंत टाकून देत राहिला. रात्री गुडघे इतके सुजले की लेकीने बूट काढून दिले.

माल पक्का होईपर्यंत स्वयंपाक निळ्या खोलीत, जमिनीवर झाला. फोडणी नव्या भिंतीवर उडेल, असं तो एकदाही म्हणाला नाही, हे बायकोने लेकीला मुद्दाम सांगितलं.

ओटा वापरायला मोकळा झाला त्या दिवशी पिवळ्या चहाला आला होता. वाकून भिंत न्याहाळत म्हणाला, "ओळंब्या, हा तळाला तुकडा दिसतोय. गवंडी झोपला होता का?"

"आधी झोपला होता," ओळंबा म्हणाला. "तुकडा उठल्यावर लावला."

बायको पीठ मळत होती. टाचा जमिनीवर. खांदे जिथे असायला हवेत तिथे. आता उंची बरोबर आहे का, हे तो विचारणारच होता. ती मात्र मागे न बघता म्हणाली, "तेवढं वरचं मीठ द्या."

मिठाची बरणी फळीवर होती. फळीही त्यानेच ठोकली होती, स्वतःचा हात पोचेल तिथे. त्याने बरणी काढून दिली, फळीकडे बघितलं आणि हात पेन्सिलीकडे गेला.

"राहू द्या," ती म्हणाली. "पाटालाही काही काम हवं."

हसता हसता पिवळ्याचा चहा सांडला. ओळंब्याने पेन्सिल कानामागे तशीच ठेवली. पाट उचलून मागच्या दारी नेला आणि त्याच्या पायांना रबर ठोकायला बसला.