काकूने पाहिलेला समुद्र

आमच्या उंद्रीत अजून सांगतात की गावातली समुद्र पाहणारी पहिली बाई म्हणजे माझी काकू. चाकाच्या खुर्चीत बसून आगबोटीने गोव्याला गेली आणि अकरा घरच्या सुपाऱ्या स्वतःच्या हाताने समुद्राला देऊन आली. यातला आगबोटीचा आणि गोव्याचा भाग खरा आहे. बाकीचं खोटं आहे आणि ते माझ्यामुळे आहे. काका-काकूंना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माझंही वय ऐंशीच्या पुढे गेलं. जसं झालं तसं लिहितो.

माझे आईवडील मी लहान असताना गेले. काका-काकूंनी मला वाढवलं, शिकवलं, आणि महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास मी मुंबईला एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. त्याच्या आधी वर्षभर काकूला लकवा झाला होता. कमरेखाली काही चालत नव्हतं. काकांनी गावच्या सुताराला घरी बसवून खुर्ची करून घेतली. सागवानी हातांची खुर्ची, मागे जुन्या सायकलची दोन चाकं, पुढे लहान लाकडी चाकं, बसायला गोधडीची घडी. चालताना ती करकरायची. काका रोज सकाळी करडीचं तेल सोडायचे, तरी करकरायची.

गोवा मोकळा झाला आणि मुंबईहून तिकडे बोट जाते हे मीच एकदा सुट्टीत घरी बोललो. काकू म्हणाली, "मले दाखव एकदा समुद्र. पायानं तं कुठी जाणं नाही, पाण्यावरून जाऊ." काका म्हणाले, "हिचं आयकतं काय बे तू? लोणारच्या पुढे गेली नाही कधी." पण हिवाळ्यात कापूस घरात आल्यावर त्यांनीच पत्र पाठवलं की येतो.

काशीला कोणी निघालं की आपल्या नावाने गंगेला द्यायला शेजारच्या बाया काही ना काही देतात. काकू समुद्राला निघाली म्हणून दहा जणी आल्या. प्रत्येकीने एक सुपारी दिली. काकूने जुन्या लुगड्याच्या काठाची लांब पट्टी फाडली आणि एकेका गाठीत एकेक सुपारी बांधली. ओळीने बांधल्यामुळे कोणती गाठ कोणाची हे तिला पाठ होतं. अकरावी तिची स्वतःची. एकेक गाठ सोडायची, जिची असेल तिचं नाव घ्यायचं आणि सुपारी पाण्यात टाकायची, असं तिने दहा जणींना कबूल केलं होतं. खुर्ची एस.टी.च्या टपावर चढवली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "काकू, हिचंबी तिकीट फाडू काय? का हाफ चालीन?" काकू म्हणाली, "फाड ना बाप्पा, पण मंग तिले खिडकीपाशी बसव." सगळी गाडी हसली. मी त्यांना आणायला आलो होतो. मी हसलो नाही. मुंबईत दोन वर्षं राहून मी 'मले' म्हणायचं सोडलं होतं.

भाऊच्या धक्क्यावर सकाळी फार गर्दी होती. काका-काकूंना सामानापाशी बसवून मी खुर्ची नेता येईल का ते बोटीच्या माणसाला विचारायला गेलो. तो म्हणाला, "आणा की खुर्ची. हमाल उचलतील. वरच्या डेकवर जागा आहे, काकूंना हवा लागेल." एवढं सोपं होतं. परत फिरलो तर रांगेत पुढे आमचे साहेब उभे. बायको, दोन मुली, हातात दुर्बीण. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली, विचारलं, "गोव्याला? कोणाबरोबर?" मी म्हणालो, "गावचे लोक आहेत." तेवढ्यात काका खुर्ची ढकलत इकडे यायला लागले. गर्दीतही तिची करकर ऐकू येत होती.

मी पुढे जाऊन त्यांना अडवलं आणि म्हणालो, "खुर्ची नेऊ देत नाहीत."

काका म्हणाले, "काऊन?"

"नियम आहे."

त्यांनी काकूला उतरवून सामानावर बसवलं. मग खुर्ची धक्क्यावरच्या चहावाल्याकडे ठेवली. काकूला एका हमालाने पाठुंगळीला घेतलं आणि खालच्या डेकवर नेऊन वळकटीवर बसवलं. तिथे बाजूला पत्र्याचा भरीव कठडा होता, माझ्या कमरेच्या थोडा वर. जमिनीवर बसलेल्या माणसाला त्याच्यावरून फक्त आभाळ दिसायचं. खुर्चीत बसली असती तर तिची नजर कठड्याच्या वर आली असती. हे मी तेव्हाच पाहिलं होतं.

बोट सुटली आणि तासाभरात काकांना लागली. ते डोळे मिटून पडून राहिले. काकू पट्टी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मले जरा उचलतं काय रे? एवढ्या गाठी सोडतो अन् बसतो खाली."

मी तिला उचलू शकत होतो. ती फार हलकी झाली होती. पण साहेबांच्या मुली जिन्यावरून खाली-वर करत होत्या. मी म्हणालो, "लाटा जोरात आहेत. पडशील. आण, मी टाकून येतो."

तिने लगेच दिली नाही. पट्टी एकदा हातातून फिरवली, पहिल्या गाठीपासून मला नावं सांगायला लागली. चौथ्या-पाचव्या नावाला मी म्हणालो, "आलं लक्षात." तेव्हा दिली.

मी वर गेलो. साहेब कठड्यापाशी दुर्बीण लावून उभे होते. त्यांनी मला काहीतरी दाखवलं, किल्ला असेल. ते वळल्यावर मी पट्टी तशीच, गाठींसकट, पाण्यात टाकली. नाव एकही घेतलं नाही. जेवायची वेळ होईपर्यंत वरच थांबलो.

खाली आल्यावर काकूने विचारलं, "एकेक सोडली ना?"

"हो."

"शेवटची कोणाची होती?"

मला आठवेना. मी एका शेजारणीचं नाव सांगितलं. काकूने शिदोरीचं फडकं सोडलं, दशमी माझ्यापुढे केली आणि म्हणाली, "जेव." समुद्र कसा आहे ते तिने विचारलं, मी सांगितलं. निळा आहे, मोठा आहे. तेवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पणजीला उतरलो. धक्का नदीवर आहे. हमालाच्या पाठीवरून काकूने पाणी पाहिलं आणि म्हणाली, "हे तं नदी आहे, पल्याड झाडं दिसते." धर्मशाळेत दोन दिवस राहिलो. खुर्ची नव्हती, त्यामुळे ती खोलीतच होती. काका तिच्यापाशी बसून असत. परतीला बोटीचं नाव मी काढलं नाही, रेल्वेने आणलं.

मुंबईत टॅक्सी करून धक्क्यावर गेलो. काकू गाडीत होती, काका माझ्याबरोबर उतरले. चहावाल्याने खुर्ची बाहेर काढली आणि मोठ्याने म्हणाला, "अहो, ही इथे कशाला ठेवली? लोक बोटीवर खाटा नेतात, शिलाईची मशीनं नेतात. खुर्चीला कोण नाही म्हणतो?" टॅक्सीची काच खाली होती.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते चाकांवरची धूळ पुसत राहिले, बराच वेळ. काकू आतून म्हणाली, "सापडली ना खुर्ची? चला मंग."

त्यांना पोचवायला मी गावी गेलो. संध्याकाळी दहाही जणी आल्या. मी आत पाण्याच्या रांजणापाशी उभा होतो. एकेकीने विचारलं, "माही सोडली काय बाई?" काकू प्रत्येकीला म्हणाली, "हाव. तुह्या नावानं, माह्या हातानं." दहा वेळा म्हणाली. कोणी कितीही गळ घातली तरी जिने कधी खोटी साक्ष दिली नाही ती बाई. मग त्यांनी समुद्र कसा असतो म्हणून विचारलं. काकू म्हणाली, "लोणारच्या तळ्यावानी खारट. पण ह्या काठावरून तो काठ दिसत नाही. अन् पाणी निजत नाही, सारखं कूस पालटते." हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

त्यावर आम्ही तिघं कधी बोललो नाही. काकू पुढे सात वर्षं होती. बाहेरगावी जायचं नाव तिने काढलं नाही, आणि कोणी यात्रेला निघालं तर आपल्या नावाने काही द्या, असं म्हणून तिने कधी कोणाकडे सुपारी दिली नाही. ती गेल्यावर काकांनी एकदाच, खुर्ची माळ्यावर टाकताना, मला सांगितलं, "शेवटची गाठ तिची होती. तू दुसरीचं नाव सांगतलं तवाच तिले समजलं."

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. त्या दहा जणींतली एकच आता आहे, तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली. ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. काकूची आठवण काढून म्हणाली, "तिच्या हातून माही सुपारी गेली, म्हणून माहे लेकरं पाण्यापावसाचे सुखरूप राह्यले." मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. साहेब, खुर्ची, पट्टी.

ती सोलायची थांबली. म्हणाली, "म्हंजे ती खोटं बोलली?"

"माझ्यासाठी बोलली."

"कायले?"

तिने शेंगा पुन्हा हातात घेतल्या. दोन-चार सोलून झाल्यावर विचारलं, "तू तं समुद्र पाह्यला ना पण? कसा होता?"

मी आठवून पाहिलं. साहेबांची दुर्बीण आठवली, जिना आठवला, मुलींच्या रिबिनी आठवल्या. पाणी आठवेना.

"लोणारच्या तळ्यावानी," मी म्हणालो. "पण ह्या काठावरून तो काठ दिसत नाही."